दहा टक्क्यांची गोष्ट

रात्रीचे अडीच. पुण्यातला जुलै, बाहेर पावसाची झड, भिंतींना ओल, आणि आमच्या हॉलमध्ये नेब्युलायझरचा कॉम्प्रेसर घर्रर्र करत चालू. कन्येचं वय तेव्हा दोन वर्षं. छातीत बारीक शिट्टी वाजत होती आणि प्रत्येक श्वासाला बरगड्यांमधली कातडी आत ओढली जात होती. असं झालं तर एकदा मशीन लावा आणि लगेच फरक पडला नाही तर सरळ हॉस्पिटल गाठा, असं डॉक्टरांनी लिहूनच दिलं होतं. बायकोने कुपीचं टोक पिळून औषध कपात ओतलं, मी मास्क धरला.

आता मास्क तोंडाला टेकला की आमची कन्या असा टाहो फोडायची की वरच्या मजल्यावरच्या काकांनी दार वाजवावं. म्हणून मी आपला मास्क तिच्या नाकासमोर दोन-तीन बोटं लांब धरायचो. पांढरं धुकं चेहऱ्यावर जातंय, थोडं नाकातोंडात शिरतंयच की, असा माझा हिशेब. शेजारी बसलेली आई म्हणत होती, "अरे, वाफ जातेय ना? मग झालं तर."

पण फरक पडला नाही. भर पावसात हॉस्पिटल गाठलं. तिथल्या रात्रपाळीच्या डॉक्टरीणबाईंनी आधी कन्येला नीट मास्क लावून औषध दिलं, तिचा श्वास जरा सुधारला, आणि मग माझ्याकडे वळून त्या म्हणाल्या, "घरी मास्क कसा धरता, दाखवा बघू." मी दाखवलं. त्या अगदी शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे औषध मुलीला नाही, हॉलला दिलंत."

मंडळी, हे वाक्य मला फार लागलं. रागाने बोलल्या असत्या तर कमी लागलं असतं. दिवसभर हापिसात बसून 'हा प्रोग्रॅम हळू का चालतोय' हे शोधायचे मी पैसे घेतो, आणि घरात पोरीच्या श्वासाच्या यंत्रात गळती कुठे आहे हे मी एकदाही बघितलं नव्हतं. मग पुढचे दोन-तीन शनिवार-रविवार या नेब्युलायझरचा इतिहास वाचण्यात घालवले. त्यातून जे हाती लागलं ते हे.

आधी एक गैरसमज. आपण सगळे 'वाफ देणे' म्हणतो, पण ती वाफ नसतेच. पातेल्यात पाणी उकळून डोक्यावर टॉवेल घेऊन घेतो ती वाफ. नेब्युलायझरमधून येतात ते औषधी पाण्याचे बारीक थेंब, म्हणजे तुषार. नावही तिथूनच आलंय. लॅटिनमध्ये 'नेब्युला' म्हणजे धुकं. फरक महत्त्वाचा आहे, कारण वाफ हवेसारखी कुठेही शिरते. थेंबाला मात्र वजन असतं. वळणावर तो वळत नाही, भिंतीवर आपटतो. आणि आपली श्वासनलिका म्हणजे नुसती वळणंच वळणं. १९६३ साली एवाल्ड वाइबेल या स्विस शास्त्रज्ञाने फुप्फुसाचं जे गणिती मॉडेल मांडलं, त्यात श्वासनलिकेपासून हवेच्या पिशव्यांपर्यंत एकाला दोन, दोनाला चार असे २३ वेळा फाटे फुटतात. थोडक्यात, बायनरी ट्री. (आमच्या धंद्यातली गोष्ट इथे भेटल्यावर मला जरा बरं वाटलं.)

जुनी मंडळी खरोखरची वाफच घेत. १७७८ साली प्लिमथचे डॉक्टर जॉन मज यांनी बिअरच्या कथलाच्या मगाला झाकण आणि नळी लावून खोकल्यासाठी अफूची वाफ घ्यायचं भांडं केलं, आणि त्याला 'इनहेलर' हे नाव दिलं. दम्यावर आपल्याकडे धोतरा ओढायची पद्धत होती. १८०२ च्या सुमारास ती मद्रासमधून ब्रिटनला पोचली आणि पुढे शंभरहून जास्त वर्षं तिकडे धोतऱ्याच्या 'दमा सिगारेटी' दुकानात मिळत होत्या. हो, दम्यासाठी सिगारेट! पण सगळीच औषधं वाफ होऊन किंवा जळून आत जात नाहीत. काही क्षार उकळलं तरी भांड्यातच राहतात. म्हणून मग पाणी फोडून त्याचे थेंब करायची कल्पना आली.

१८५८ साली फ्रान्समध्ये साल-जिराँ नावाच्या डॉक्टरांनी असं पहिलं सुटसुटीत यंत्र दाखवलं. हाताने पंप मारायचा, पाण्याची धार जोराने एका तबकडीवर आपटायची, तिचे तुषार उडायचे आणि ते रोग्याने ओढायचे. गरम पाण्याच्या झऱ्यांवर उपचाराला येणाऱ्या लोकांना झऱ्याचं खनिज पाणी घरी नेऊन श्वासातून घेता यावं, हा मूळ उद्देश. १८६४ मध्ये जर्मनीत झीगल यांनी पंपाच्या जागी वाफेचा झोत वापरला. बारीक तोंडातून झोत वेगाने सुटला की तिथला दाब कमी होतो आणि शेजारच्या नळीतून द्रव वर खेचला जाऊन फुटतो. ज्यांच्या घरी डास मारायचा फ्लिटचा पंप होता त्यांनी हे तत्त्व लहानपणी स्वतःच्या हाताने चालवलंय. आजच्या साध्या नेब्युलायझरच्या कपातही तेच आहे, फक्त वाफेच्या जागी कॉम्प्रेसरची हवा.

आणि इथेच मला गोष्टीतला पहिला खरा इंजिनियर भेटला, तोही यंत्र बनवणारा नाही, तर शंका घेणारा. पॅरिसच्या वैद्यकसभेत वाद पेटला होता, की हे तुषार खरंच छातीत जातात की नुसते घशात ओले होऊन थांबतात? १८६० च्या सुमारास दमार्के नावाच्या सर्जननी प्राण्यांना लोहाच्या क्षाराचे तुषार हुंगायला लावले. मग त्यांच्या श्वसनमार्गात असं रसायन लावून पाहिलं जे लोह असेल तिथेच निळं होतं. निळा रंग आतपर्यंत दिसला. म्हणजे औषध जातं. पण किती जातं? ते काही कळलं नाही. जातं ना? मग झालं तर! आमच्या आईचं वाक्य आणि पॅरिसच्या सभेचं समाधान यात तसा फरक नव्हता. :-)

त्यानंतरची जवळजवळ शंभर वर्षं यंत्र सोयीचं होत गेलं, काटकसरीचं झालं नाही. अमेरिकेत ओहायोतल्या टोलेडोचे डॉ. अॅलन डेव्हिलबिस यांनी घशात औषध उडवायला रबरी फुग्याचा अॅटोमायझर केला. त्यांच्या मुलाने तीच कल्पना अत्तराच्या बाटल्यांना आणि पुढे रंगाच्या स्प्रे-गनला लावली. १९३० च्या दशकात विजेवर चालणारे कॉम्प्रेसर आले. मग १९५५ साली रायकर लॅबोरेटरीजचे प्रमुख जॉर्ज मेसन यांच्या दमा असलेल्या १३ वर्षांच्या मुलीने विचारलं, की केसांचा स्प्रे मिळतो तसं माझं औषध डब्यातून का मिळत नाही? कंपनीने अत्तरासाठी बनलेली एक मोजून फवारणारी झडप उचलली आणि १९५६ मध्ये खिशात मावणारा पहिला पंप बाजारात आला. औषधाचं यंत्र अत्तराकडे गेलं होतं, अत्तराची झडप औषधाकडे आली. फिट्टंफाट.

पण 'किती जातं' हा प्रश्न तसाच होता. त्याचं गणित पहिल्यांदा मांडलं ते डॉक्टरने नाही, तर हवामानशास्त्रज्ञाने. वाल्टर फिन्डाइझेन ढगांतले थेंब आणि पाऊस यांचा अभ्यास करायचे. १९३५ मध्ये त्यांनी कोणत्या आकाराचा कण फुप्फुसात कुठे जाऊन बसेल याचा हिशेब केला. आज सर्वमान्य असलेलं उत्तर साधारण असं: एक ते पाच मायक्रॉनचे थेंब कामाचे. त्याहून मोठे घशात आपटतात, आणि त्याहून फार बारीक असलेले बरेचसे आल्या वाटेने परत जातात. गोम अशी, की दहा मायक्रॉनच्या एका थेंबात एक मायक्रॉनच्या हजार थेंबांएवढं औषध मावतं. म्हणजे थोडे जाडे थेंब सुटले तरी औषधाचा मोठा वाटा त्यांच्याबरोबर घशात वाया.

मग गामा कॅमेरा आला. औषधात किंचित किरणोत्सारी खूण मिसळायची आणि ते शरीरात कुठे उतरलं याचं चित्रच काढायचं. १९८१ साली लंडनमध्ये स्टीफन न्यूमन आणि सहकाऱ्यांनी पंपाबद्दल आकडे छापले: सुमारे ९ टक्के फुप्फुसात, ८० टक्के तोंडात आणि घशात. साध्या नेब्युलायझरचं चित्रही काही फार वेगळं निघालं नाही. ढोबळमानाने दहा टक्के. आमच्या भाषेत, इतक्या वर्षांनी कोणीतरी प्रोफायलर लावला होता.

उरलेले नव्वद कुठे जातात? मी घरी करून पाहिलं. औषध नाही, नुसतं सलाइन. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर कप तोलला, ३ मिली सलाइन घातलं, थुकथुक आवाज येईपर्यंत मशीन चालवलं, पुन्हा तोललं. जवळजवळ १ ग्रॅम कपातच! वाटलं, एक तृतीयांश गळती सापडली. पण नंतर वाचलं की माझ्या मोजमापातच बग होता. कोरडी हवा जाताना नुसतं पाणी उडवून नेते (म्हणूनच कप हाताला गार लागतो), आणि औषध मागे राहून घट्ट होतं. म्हणजे कपात उरलेल्या थेंबाथेंबात औषध जास्तच असतं. तेव्हा समजा १०० पैकी ४० कपातच राहिले. ६० बाहेर आले. पण मशीन सतत चालतं आणि माणूस वेळेचा साधारण तिसरा हिस्साच श्वास आत घेतो. म्हणजे ४० खोलीत, २० नाकातोंडाशी. त्यातले जाडे थेंब मास्कवर, नाकात, घशात. झाले दहा. हा माझा कागदावरचा ढोबळ हिशेब आहे, पण कॅमेऱ्याच्या आकड्याच्या जवळ येतो.

आता कोणालाही प्रश्न पडेल तो मलाही पडला. इतकी गळती माहीत असून लोक गप्प का बसले?

उत्तर साधं आहे. औषध स्वस्त होतं. साल्ब्युटामॉल १९६९ मध्ये आलं. ते स्वस्त आणि बऱ्यापैकी सुरक्षित. नव्वद टक्के वाया जातंय ना? मग कपात जास्त घाला. पंपाचा एक फवारा १०० मायक्रोग्रॅमचा आणि नेब्युलायझरची नेहमीची कुपी २.५ मिलिग्रॅमची. म्हणजे एका फवाऱ्याच्या पंचवीसपट! कोड हळू आहे? मोठा सर्व्हर घ्या. हे आम्ही रोज करतो, त्यामुळे नावं ठेवायला मला जागा नाही.

काटकसर सुरू झाली ती औषध महाग झाल्यावर आणि रोग्याचा वेळ कोणीतरी मोजल्यावर. सिस्टिक फायब्रोसिस हा जन्मजात आजार घ्या. फुप्फुसात घट्ट चिकट कफ साठतो, त्यात जंतू घर करतात, आणि लहान मुलांना रोज तासन् तास उपचार घ्यावे लागतात. १९९३ मध्ये सिअॅटलच्या बॉनी रॅमझी आणि सहकाऱ्यांनी टोब्रामायसिन हे अँटिबायोटिक श्वासातून देऊन पाहिलं. मात्रा होती एका वेळी ६०० मिलिग्रॅम, दिवसातून तीनदा, मोठ्या अल्ट्रासॉनिक नेब्युलायझरमधून. दिवसाचे १,८०० मिलिग्रॅम. उपयोग झाला, पण हा रोजचा व्याप कोण करणार? १९९९ मध्ये त्यांचाच ५२० रोग्यांवरचा पुढचा अभ्यास छापून आला. त्यात औषध खास श्वासासाठी बनवलेलं, ३०० मिलिग्रॅम दोनदा, आणि कप असा, की रोगी श्वास घेतो तेव्हा त्याच्याच श्वासाची हवा कपातून जाऊन जास्त तुषार ओढते आणि श्वास सोडताना गळती कमी होते. दिवसाचे ६००. नंतर त्याच औषधाची हलक्या, सच्छिद्र कणांची पूड आली. ११२ मिलिग्रॅम दोनदा, दिवसाचे २२४. अमेरिकेत तिला २०१३ मध्ये परवानगी मिळाली. तुलनेच्या अभ्यासात एका वेळच्या उपचाराला सरासरी सुमारे २० मिनिटांऐवजी साडेपाच मिनिटं लागली. खोकला मात्र पुडीने जास्त आला, तेही नोंदवलेलं आहे. फुकट काहीच मिळत नाही.

याच काळात यंत्रंही हुशार झाली. १९९० च्या दशकाच्या शेवटी आलेल्या एका जातीच्या नेब्युलायझरमध्ये चक्क सॉफ्टवेअर आहे. ते रोग्याचे आधीचे तीन श्वास मोजतं, पुढचा कसा असेल याचा अंदाज बांधतं, आणि श्वास आत जायला लागला की सुरुवातीच्या भागातच औषध सोडतं. श्वास सोडताना बंद. मात्रा पुरी झाली की सांगतं, बास. दुसरीकडे जाळीचे नेब्युलायझर आले. धातूच्या पातळ चकतीला हजारएक सूक्ष्म भोकं आणि ती सेकंदाला लाखाहून जास्त वेळा थरथरते. कॉम्प्रेसर नाही, घर्रर्र नाही, आणि तळाशी जवळपास काही उरत नाही.

मग सगळीकडे हेच का नाही? किंमत, भोकं बुजणं, रोजची सफाई ही कारणं आहेतच. पण मला जे सगळ्यात जास्त भावलं ते वेगळं. शंभर वर्षांची मात्रांची सगळी पुस्तकं 'नव्वद टक्के वाया जाणार' हे गृहीत धरून लिहिली गेली आहेत. उद्या तीच कुपी तिप्पट कार्यक्षम यंत्रात घातली तर छातीत तिप्पट औषध जाईल! म्हणूनच टोब्रामायसिनसारख्या औषधाला परवानगी देताना कोणत्या नेब्युलायझरमधून द्यायचं हेही लिहिलेलं असतं. एखादा जुना बग इतका जुना होतो की सगळी सिस्टिम त्याच्यावर उभी असते, आणि तो काढायला गेलं की बाकीचं पडतं. ज्यांनी बँकेचं जुनं सॉफ्टवेअर सांभाळलंय ते इथे मान डोलावतील.

तर सांगायचा मुद्दा असा. या सगळ्या इतिहासात गळती कमी झाली ती 'जातंय ना' या उत्तरावर समाधान न मानता 'किती आणि कुठे' असं कोणीतरी विचारलं म्हणून. आणि माझ्या घरातली सगळ्यात मोठी गळती कपात नव्हतीच, ती माझ्या हातात होती. मास्क सेंटिमीटरभर लांब धरला तरी आत जाणारं औषध निम्म्याच्या आसपास घसरतं, आणखी लांब नेलं तर फारच थोडं उरतं. रडण्याचाही फायदा नाही. 'रडताना मोठा श्वास घेते, बरंच आहे' असं आमच्याकडे सगळ्यांना वाटायचं, पण रडणारं मूल लांबलचक श्वास सोडतं आणि मधेच झटकन ओढतं. त्या घाईत औषध घशात आपटतं, खाली कमी उतरतं.

मग आम्ही काय केलं? आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो आणि सरळ विचारलं. त्यांनी पंप आणि मास्कवाला स्पेसर दिला, म्हणजे एक पोकळ नळकांडं, ज्यात फवारा थांबतो, जाडे थेंब भिंतीला लागतात आणि मूल सावकाश श्वास घेतं. दम्याच्या साध्या झटक्यात हे नेब्युलायझरइतकंच काम करतं हे अनेक अभ्यासांत दिसलंय. दक्षिण आफ्रिकेतल्या हेदर झार आणि सहकाऱ्यांनी तर १९९९ मध्ये दाखवलं, की अर्ध्या लिटरच्या कोल्ड्रिंकच्या प्लास्टिक बाटलीला भोक पाडून केलेला स्पेसरही विकतच्याइतकाच चालतो. दीडशे वर्षांची यंत्रं, आणि शेवटी बाटली! (घरी प्रयोग करू नका, आधी डॉक्टरांना विचारा. मी संगणकवाला आहे, वैद्य नाही.)

मशीन तरीही ठेवलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या वेळेसाठी. फक्त पद्धत बदलली. आधी बाहुलीला मास्क, मग बाबाला, मग कन्येला. मांडीवर ताठ बसवून, मास्क गालांना नीट टेकवून, आणि आजीने गोष्ट सांगायची. गोष्ट थांबली की मास्क काढायचा प्रयत्न होतो, त्यामुळे आईला दहा मिनिटं न थांबता गोष्ट सांगता येणं हा आमच्या यंत्राचा सर्वात महत्त्वाचा सुटा भाग ठरला.

परवा पहिला पाऊस पडला. कन्या आता सात वर्षांची आहे आणि शिट्टी बरीच कमी झालीये. आईने तिला विचारलं, "काय गं, वाफ घ्यायची का?" कन्या पंप हलवत म्हणाली, "आजी, वाफ नाही. तुषार."

असो. फार लांबलं. पुढच्या शनिवारी भेटूच.